लाइट गेल्यावर कोणाचा कॉम्प्युटर टिकतो?

लाइट जाते, इन्व्हर्टर सुरू होतो, पंखा जेमतेम मंदावतो. एका घरातला डेस्कटॉप मात्र तेवढ्यात बंद पडतो आणि शेजारच्या घरातला चालूच राहतो, तेही दोन्हीकडे एकाच बनावटीचा इन्व्हर्टर असताना. असं झालं की इन्व्हर्टरवाल्याला फोन जातो. दोष पुष्कळदा कॅबिनेटमधल्या पत्र्याच्या डब्याचा, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा (स्विच्ड मोड पॉवर सप्लाय) असतो.

आपल्या सॉकेटमध्ये येते ती २३० व्होल्टची, दर सेकंदाला ५० आवर्तनं घेणारी एसी वीज. मदरबोर्डला हवी असते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. ५० हर्ट्झवरच व्होल्टेज उतरवायचं ठरवलं तर काही किलोंचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर लागेल. त्यामुळे एसएमपीएस आडमार्गाने जातो. आलेली वीज आधी डीसी करायची, मग सेकंदाला हजारो वेळा तोडायची-जोडायची आणि ती मुठीत मावेल एवढ्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून खाली आणायची. वारंवारता वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान होतो.

या वाटेवर, साधारण ३८० व्होल्टवर भरलेला, एक जाडजूड कपॅसिटर असतो. गच्चीवरच्या टाकीसारखा. नळ गेला तरी थोडा वेळ घरात पाणी येत राहतं. किती वेळ, याचं गणित सोपं आहे. कपॅसिटर ३९० मायक्रोफॅरडचा असेल आणि ३०० व्होल्टपर्यंत उतरेतो सर्किट चालत असेल, तर त्यातून साधारण साडेदहा ज्यूल ऊर्जा मिळते. भिंतीतून ४४० वॅट ओढणाऱ्या कॉम्प्युटरला ती सुमारे २४ मिलिसेकंद पुरते. विजेचं एक आवर्तन असतं २० मिलिसेकंदांचं. पैसे वाचवायला निर्मात्याने २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, तर हाच वेळ १४ मिलिसेकंदांच्याही खाली जातो. इन्व्हर्टरला बदली करायला एक आवर्तनभर वेळ लागला, तर त्याआधीच टाकी रिकामी! कॉम्प्युटरच्या एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात ८० टक्के लोडवर १७ मिलिसेकंदांची अपेक्षा आहे, पण डब्यावरच्या लेबलवर हा आकडा बहुधा छापलेलाच नसतो.

छापलेले असतात ते वॅट, आणि तेही नीट वाचावे लागतात. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. लेबलवर ४५० वॅट असतील आणि १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर, तर कामाचे वॅट १९२ च. उरलेली बेरीज ५ आणि ३.३ व्होल्टची, जी आता फारशी कोणाला लागत नाही. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या डब्याचं लेबल एकदा असं गुणाकार करून वाचाच.

मग ८० प्लसचा शिक्का? २००४ मध्ये सुरू झालेली ही योजना फक्त कार्यक्षमता मोजते, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किती पुढे पोचली आणि किती उष्णता झाली. ऑफिसच्या ६० वॅटच्या मशीनला ८० ऐवजी ९० टक्क्यांचा एसएमपीएस लावला, तर रोज आठ तास वापरूनही वर्षाला साधारण २४ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तरी २४० रुपये. ३०० वॅट खाणाऱ्या गेमिंग मशीनवर तेवढ्याच तासांत १२० युनिट वाचतात, तिथे गोल्ड, म्हणजे याच योजनेतल्या वरच्या श्रेणीच्या शिक्क्याचे जादा पैसे वसूल होतात. ६० वॅटच्या मशीनला ८५० वॅटचा गोल्ड घेणं मात्र निव्वळ हौस आहे, कारण सात टक्के लोडवर कार्यक्षमता बरीच घसरते आणि गोल्डची चाचणी २० टक्क्यांच्या खाली होतच नाही.

कमी उष्णतेचा खरा फायदा मला बिलापेक्षा एसएमपीएसच्या आयुष्यात दिसतो. कपॅसिटरमधला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आतला द्रव, हळूहळू सुकतो आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. म्हणून ८५ अंशांऐवजी १०५ अंश तापमान सोसणारे कपॅसिटर आहेत का, ते विचारावं. नागपूरच्या मे महिन्यात, भिंतीला चिकटलेल्या कॅबिनेटमध्ये, हा फरक कागदावरचा राहत नाही. वॉरंटी तीन वर्षांची की सात-दहा, यावरूनही निर्मात्याचा स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते कळतं.

एक गोष्ट मात्र कितीही महाग एसएमपीएस घेऊन सुटत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना? आत शिरणारा विद्युत गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर विजेच्या तारांपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण जाणवतो. त्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलवावं आणि थ्री-पिनची जाड पिन भिंतीच्या आत खरोखर कशाला जोडली आहे, ते तपासून घ्यावं.