कॅनिस्टर फिल्टर घेताना खोक्यावरचा आकडा पुरत नाही

ॲक्वेरियमच्या दुकानात कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवून नळ्यांनी जोडायचा बंद डब्याचा फिल्टर, मागितला की दुकानदार टँकचं माप विचारतो, खोक्यावरचा ‘लिटर प्रति तास’ बघतो आणि बिल करतो. तो आकडा फक्त पंपाचा असतो. पाणी खऱ्या अर्थाने शुद्ध करतात ते डब्यातल्या मीडियावर (स्पंज, सिरॅमिक रिंग अशा भरावावर) वाढलेले जिवाणू, आणि त्यांना वाहत्या पाण्यातून सतत ऑक्सिजन मिळावा लागतो. मराठवाड्यात उन्हाळा बेचाळीस अंशांवर जातो, बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं आणि लाईटचा भरवसा नसतो. इथे फिल्टर निवडताना पंपाच्या आधी या जिवाणूंचा विचार करायला हवा.

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो; विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही माशांना घातक. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की तो आटोक्यात राहतो. हे दोन टप्पे दोन वेगळ्या जिवाणूंचे, असं फार काळ मानलं जात होतं. 2015 साली नायट्रोस्पायरा गटातले असे जिवाणू सापडले, जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात. त्यातले काही मिळाले ते मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या जैविक फिल्टरमधूनच.

आता ऑक्सिजनचा हिशोब. 40 टक्के प्रथिनं असलेल्या एक ग्रॅम खाद्यात साधारण 64 मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन पाण्यात आला, तरी झाला 32 मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे 4.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यामागे जवळजवळ दीडशे मिलिग्रॅम. कुजणाऱ्या घाणीला लागणारा ऑक्सिजन यात धरलेलाच नाही. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना 7.5 च्या आसपास. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. छत्रपती संभाजीनगर साधारण 570 मीटर उंचीवर, तिथे आणखी सहा-सात टक्के कमी धरा. मे महिन्यात मासे वर येऊन तोंड मारायला लागले की फिल्टरमधले जिवाणूही त्याच तुटवड्यात असतात.

बोअरच्या पाण्याचा सामू (pH) बहुतेक ठिकाणी 7.5 च्या वर, कुठे 8 च्याही पुढे असतो. त्याचे दोन परिणाम होतात. अमोनियाचं रूपांतर होताना पाण्यातले बायकार्बोनेट खर्च होतात. बेसाल्टमधून आलेल्या जड पाण्यात ते भरपूर असल्याने सामू अचानक कोसळत नाही आणि जिवाणूंचं काम चालू राहतं. नुसत्या आरओच्या पाण्यावर टँक चालवणाऱ्यांना हा आधार नसतो. दुसरा परिणाम मात्र वाईट. 25 अंशांना आणि सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 आणि तापमान 30 अंश झालं की तोच वाटा साडेसात टक्के होतो. चाचणीत अमोनियाचा आकडा तोच दिसेल, पण विष बारा-तेरा पट. म्हणून आपल्याकडे फिल्टर कमी पडून चालत नाही.

कॅनिस्टर प्रत्येकाला लागतोच असं नाही. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक म्हणजे 56 लिटर. त्यात गप्पी, मॉली असतील तर एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो, स्वस्त पडतो आणि बिघडण्यासारखं त्यात फार काही नसतं. बेट्टाला तर जोराचा प्रवाह सोसतच नाही. साधारण शंभर लिटरच्या वर, किंवा गोल्डफिश, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न असे घाण करणारे मासे असतील, तेव्हा कॅनिस्टरचे पैसे वसूल होतात.

आपल्याकडे टँक फुटांत बनतात, त्यामुळे हिशोबही फुटांतच करावा: लांबी, रुंदी, उंची गुणा आणि आलेल्या घनफुटांना 28.3 ने गुणा. तीन बाय दीड बाय दीड फुटी टँक 191 लिटरचा. दोन इंच वाळू आणि वर दोन इंच मोकळी जागा सोडली की प्रत्यक्ष पाणी उरतं दीडशे लिटरच्या आसपास. मिश्र लहान माशांना तासाला तीन-चार वेळा सगळं पाणी फिल्टरमधून गेलं पाहिजे, गोल्डफिश किंवा ऑस्कर, फ्लॉवरहॉर्नसारख्या मोठ्या सिक्लिडना पाच-सहा वेळा. दीडशे लिटरला चारच्या हिशोबाने 600 लिटर प्रति तास.

हे 600 लिटर नळीतून खरोखर पडणारे हवेत. खोक्यावरचा आकडा बहुधा मीडिया न भरता, नळीचा अडथळा न धरता मोजलेला असतो. डब्यातल्या मीडियाच्या टोपल्या भरल्या, नळ्या जोडल्या, महिनाभराची घाण साचली की त्यातला निम्मा ते साठ टक्के प्रवाह हाती लागतो. तेव्हा या टँकला 1000 ते 1200 लिटर लिहिलेला फिल्टर बघावा. खरा प्रवाह मोजायला दहा लिटरची बादली आणि मोबाईलवरचं घड्याळ पुरे. बाहेर पडणारी नळी टँकच्या पाण्याच्या पातळीलाच धरून बादलीत सोडा आणि बादली भरायला लागलेल्या सेकंदांनी 36000 ला भागा. 70 सेकंद लागले तर 514 लिटर प्रति तास. नळी खाली जमिनीपर्यंत सोडून मोजलं तर आकडा खोटा मोठा येतो, कारण मग पंपासोबत उतारही पाणी ओढतो.

‘एच मॅक्स 1.5 मीटर’ या मजकुरावरूनही बराच गोंधळ होतो. त्याचा अर्थ एवढाच, की दीड मीटर उंचीवर त्या पंपाचा प्रवाह शून्य होतो. डबा टँकखाली तीन फुटांवर ठेवला म्हणून पंपाला पाणी तीन फूट उचलावं लागतं, असं मात्र नाही. खाली येणाऱ्या नळीतल्या पाण्याचं वजन वर जाणाऱ्या नळीतल्या पाण्याला तोलून धरतं. पंपाला झगडावं लागतं ते मीडियाच्या, वळणांच्या आणि नळीच्या घर्षणाशी, आणि परतीचं तोंड पाण्याच्या वर असेल तर तेवढ्या उंचीशी. म्हणून जादा नळी गुंडाळून न ठेवता कापून टाका. डबा कायम पाण्याच्या पातळीच्या खालीच हवा. टँकच्या शेजारी टेबलावर ठेवला तर पाणी आपोआप उतरत नाही आणि पंप हवा धरतो.

प्रवाह जुळला की डब्याचं पोट बघायचं. एकाच लिटरेजचे दोन फिल्टर शेजारी उघडा: एकात टोपल्या उथळ आणि मधे पोकळी, दुसऱ्यात काठोकाठ जागा. दीडशे लिटरच्या टँकला निदान तीन-चार लिटर मीडिया मावेल असा डबा घ्यावा. टोपली आणि डब्याच्या भिंतीमधली फट बोटाने चाचपून बघा. पाणी सोपी वाट धरतं. फट मोठी असली किंवा टोपल्यांमधलं रबर सैल असलं तर ते मीडियाला बगल देऊन निघून जातं. वरून प्रवाह झकास दिसतो आणि अमोनिया मात्र उतरत नाही.

बहुतेक कॅनिस्टरमध्ये पाणी आधी तळाला जातं आणि टोपल्यांमधून वर चढतं. त्यामुळे सगळ्यात खाली जाड छिद्रांचा स्पंज, त्यावर बारीक स्पंज, मग सिरॅमिक रिंग किंवा सच्छिद्र दगडी मीडिया. पांढरी फिल्टरची लोकर सगळ्यात वर, पातळ थरात. दाबून भरलेली लोकर आठवड्याभरात तुंबते आणि सगळा प्रवाह मारते. काही मॉडेलमध्ये दिशा उलटी असते, तेव्हा आत येणारं पाणी कुठे पडतं ते एकदा बघून क्रम लावा. बायोबॉल, म्हणजे प्लॅस्टिकचे जाळीदार गोळे, उघड्यावर पाणी ठिबकणाऱ्या फिल्टरसाठी असतात. बुडवून ठेवल्यावर तेवढ्याच जागेत रिंग किंवा स्पंज कितीतरी जास्त पृष्ठभाग देतात. सक्रिय कोळसा औषधाचा कोर्स संपल्यावर पाण्यातलं औषध काढायला चांगला, पण औषध चालू असताना तो आधी बाहेर काढलाच पाहिजे, नाहीतर औषध तोच शोषून घेतो.

झिओलाइटबद्दल थोडं सविस्तर, कारण हे खनिज आपल्या भूमीचंच आहे. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत त्याचे स्फटिक असतात. संभाजीनगर-अजिंठा पट्ट्यात विहिरी आणि दगडखाणींत ते निघतात. गोड्या पाण्यात झिओलाइट अमोनियम (पाण्यातल्या अमोनियाचं दुसरं, कमी विषारी रूप) धरून ठेवतो. दुकानात मिळतो तो बहुधा क्लिनोप्टिलोलाइट या जातीचा. नवीन टँकमध्ये जिवाणू तयार होईपर्यंत त्याचा आधार होतो, पण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर टँकमध्ये मीठ टाकलं की सोडियम त्याची जागा घेतो आणि धरलेला अमोनियम परत पाण्यात येतो. मीठ टाकायच्या आधी झिओलाइट काढा. खाणीतले शोभेचे स्फटिक मात्र डब्यात भरू नका; त्यांच्यासोबत बऱ्याचदा कॅल्साइट असतो आणि मुळात जड असलेलं पाणी आणखी जड होतं.

आता लाईट. सहा लिटरच्या डब्यात मीडिया सोडून चार लिटर पाणी धरू. त्यात ऑक्सिजन जेमतेम 28 मिलिग्रॅम. पंप थांबला की नवीन येत नाही आणि आतले जिवाणू असलेला झपाट्याने संपवतात. त्यानंतर साचलेल्या गाळात बिनऑक्सिजनवर जगणारे जिवाणू जोर धरतात, अमोनिया आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पाच-सहा तासांनी लाईट आली की पंप हे सगळं एका दमात माशांच्या अंगावर सोडतो. रात्रीत लाईट जाऊन आली आणि सकाळी मासे मेलेले दिसले, तर संशय पहिला इथे घ्यावा.

म्हणून उन्हाळ्यात दोन-तीन तासांच्या वर लाईट गेली की पंपाची पिन आधी काढून ठेवा. लाईट आल्यावर नळ्यांवरच्या दोन्ही तोट्या बंद करून डबा बाहेर न्या, आतलं पाणी ओता, टँकचंच पाणी भरून हलकं खळखळवा, तेही ओता आणि मगच जोडा. लाईट दिवसभर येणार नसेल तर टोपल्या काढून सरळ टँकमध्ये, एअर पंपाच्या बुडबुड्यांजवळ ठेवा. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि त्यावर एक छोटा स्पंज फिल्टर कायम टँकमध्ये असावा. कॅनिस्टर बंद पडला तरी जिवाणूंची एक तुकडी कामावर राहते.

इन्व्हर्टर असेल तर फिल्टर त्यावर घेणं सगळ्यात चांगलं. 1000 लिटरवाला साधा कॅनिस्टर 18 वॅटच्या आसपास घेतो. आठ तासांना 144 वॅट-तास. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर 1800 असतात. फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर या पंपांची मोटार घरघरते आणि तापते. वॅट निवडताना महिन्याचाही विचार करा. 18 वॅटला महिन्याला 13 युनिट लागतात, 55 वॅटच्या मोठ्या मॉडेलला 40. शिवाय पंपाची उष्णता बरीचशी पाण्यातच जाते, म्हणून मे महिन्यात बंद लाकडी कपाटात डबा असेल तर कपाटाचं दार उघडं ठेवावं.

उन्हाळ्यात पाण्याची पातळीही भराभर उतरते. रोज फक्त 5 मिलिमीटर उतरली तरी तीन बाय दीड फुटी टँकमधून दोन लिटर गेलेले असतात. परतीची नळी उघडी पडली तर नुसता आवाज होतो, पण ओढणारी जाळी उघडी पडली तर पंप कोरडा फिरतो. ही जाळी तळापासून दोन-तीन इंच वर, आणि परतीचं तोंड पृष्ठभाग हलेल इतकं वर ठेवा. पृष्ठभाग हलला की हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरतो. ओढणारी किंवा परतीची, कुठलीही नळी निसटली तर जाळीपर्यंतचा सगळा टँक रिकामा होऊ शकतो, तेव्हा दोन्हींच्या क्लिपा महिन्यातून एकदा हाताने तपासा. डबा प्लॅस्टिकच्या घमेल्यात ठेवा, म्हणजे झाकणातून झिरपणारं पाणी लगेच दिसतं. वायर सॉकेटला जाण्याआधी खाली लोंबू द्या, नाहीतर तिच्यावरून ओघळणारं पाणी थेट पिनेत जाईल.

साफसफाई कॅलेंडरपेक्षा बादलीने ठरवावी. पहिल्या दिवशी मोजलेला प्रवाह एक-तृतीयांश घटला की डबा उघडा. मीडिया टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा. नळाच्या किंवा टँकरच्या क्लोरीन असलेल्या पाण्यात धुतलात तर महिनाभराची जिवाणूंची वस्ती एका दिवसात जाते. स्पंज एका खेपेला, रिंग दुसऱ्या खेपेला. नवीन फिल्टरला पूर्ण कामाला लागायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टँकमधला जुना स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

जड पाण्याने इम्पेलरवर, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पात्यांवर, पांढरा थर बसतो, मग फिल्टर कुरकुरतो आणि एक दिवस सुरूच होत नाही. इम्पेलर काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, मऊ ब्रशने घासा, नीट खळबळा. त्याची दांडी सिरॅमिकची असेल तर ओढताना तिरकी करू नका, खडूसारखी मोडते. झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिनने बरीच रबरं फुगतात आणि पुढच्या खेपेला झाकण बसत नाही.

दुकानात पैसे देण्याआधी झाकणाच्या चारही क्लिपा स्वतः लावून-काढून बघा. तोट्या बंद करून नळीचा जोड सुटा होतो का तेही बघा, नाहीतर दर सफाईला फरशीवर पाणी. आणि त्याच मॉडेलचा इम्पेलर व झाकणाची रिंग सुटी मिळते का ते विचारा. मिळत असेल तर एकेक त्याच दिवशी घेऊन ठेवा. परभणी-हिंगोलीकडे हे सुटे भाग हाताशी मिळतीलच असं नाही, आणि बाहेरून मागवलेला इम्पेलर येईपर्यंत फिल्टर बंद पडून राहतो.