मॅटरहॉर्न

मॅटरहॉर्न : स्वित्झर्लंड व इटली यांच्या सरहद्दीवरील आल्प्सचे शिखर. उंची ४,४७८ मी. उत्तरेस झरमॅट हे स्विस गाव, दक्षिणेस इटलीतील ब्रॉय-चेर्विनिया. इटालियन लोक याला ‘चेर्विनो’ म्हणतात.

भूगोलात ज्याला ‘गिरिशृंग’ म्हणतात, त्याचे हे सर्वांत देखणे उदाहरण. हिमनद्यांनी चहूबाजूंनी हिमगव्हरे (वाडग्यासारखे खोल खळगे) कोरली आणि मध्ये चार भिंतींचा, चार धारांचा सुळका उरला. भिंती इतक्या उभ्या की त्यांवर बर्फ फारसा टिकत नाही. खडकांची रचना त्याहून विलक्षण आहे. खाली नाहीशा झालेल्या महासागराच्या तळाचे अवशेष, तर माथ्याकडे एके काळी आफ्रिकेला जोडलेल्या भूखंडाचा नीस हा रूपांतरित खडक. भूपट्टांच्या टकरीत तो वर सरकून बसला.

१४ जुलै १८६५ रोजी ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड विम्पर व सहा सोबती हर्नली धारेने प्रथम माथ्यावर पोहोचले. उतरताना १९ वर्षांच्या, अननुभवी हॅडोचा पाय घसरला. तो पुढच्या क्रोझ या वाटाड्यावर आदळला. त्याच दोराला बांधलेले हडसन आणि डग्लसही ओढले गेले. वाटाड्या टाउगवाल्डर पितापुत्रांपैकी थोरल्याने कातळाला धरून हिसका पेलला, पण त्याच्या आणि डग्लसच्या मधला दोर तुटला. चौघे उत्तर भिंतीवरून कोसळले. डग्लसचा मृतदेह आजवर सापडलेला नाही. सोबतच्या दोरांपैकी सर्वांत कमजोर दोर नेमका तिथे बांधलेला होता. त्याचा तुकडा झरमॅटच्या संग्रहालयात आहे. पहिल्या चढाईनंतर तीनच दिवसांनी कारेल आणि बिश हे इटालियन वाटाडे इटलीच्या बाजूने माथ्यावर गेले. १८७१ मध्ये लूसी वॉकर माथा गाठणारी पहिली स्त्री ठरली. उत्तर भिंत मात्र १९३१ पर्यंत अजिंक्य होती. फ्रान्झ आणि टोनी श्मिड या भावांनी ती सर केली.

आजही बहुतेक जण हर्नली धारेनेच जातात. ३,२६० मी. वरील निवाऱ्यातून पहाटेच्या अंधारात निघायचे आणि सुमारे १,२०० मी. चढायचे. वरच्या कातळटप्प्यांवर जाड दोर कायमचे बसवले आहेत. ४,००३ मी. वर सोल्वे ही चिमुकली झोपडी आहे, केवळ संकटात आसरा घेण्यासाठी. उतरायलाही चढण्याइतकाच वेळ लागतो, आणि तो थकल्या पायांनी काढायचा असतो. दुरून अखंड दिसणारा कातळ हाताशी आल्यावर खिळखिळा निघतो. भेगांतल्या बर्फाने तो सांधून धरलेला आहे. २००३ च्या कडक उन्हाळ्यात हर्नली धारेवर दरड कोसळली आणि वर अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले.