वेगमर्यादेचं पहिलं ई-चलान: भरून टाकायचं, तक्रार करायची की कोर्टात जायचं?

पैसे भरले की चलानाचा विषय संपला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. वेगमर्यादेच्या चलानाबाबत ती अर्धीच खरी आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 200 नुसार तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवता येतं आणि त्यावर पुढे खटला चालत नाही, इथवर ठीक. पण 2019 च्या दुरुस्तीत याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी अट, जोडलं गेलं: तडजोडीनं मिटवलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी 'आधी केलेला गुन्हा' म्हणून मोजला जाईल. आणि वेगाचं कलम 183 सांगतं की दुसऱ्या वेळी हाच गुन्हा झाला तर लायसन्स जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचं. तिथे सुनावणी होऊन ते तीन महिन्यांसाठी बाद होऊ शकतं.

म्हणून पहिलं चलान आल्यावर फक्त रकमेकडे पाहून निर्णय घेऊ नका. चूक तुमची असेल तर निमूटपणे भरा आणि पुढे जपून चालवा. चूक तुमची नसेल तर 'जाऊ दे, दोन हजारांसाठी कोण भांडतं' म्हणत भरू नका. तुमचं पोट स्टेअरिंगवर असेल, म्हणजे टॅक्सी, टेम्पो, स्कूल बस किंवा कंपनीची गाडी चालवत असाल, तर हा मुद्दा तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाचा आहे.

दंडाचं गणित सोपं आहे. हलक्या वाहनाला, म्हणजे आपल्या कारला, कलम 183 खाली किमान 1000 आणि कमाल 2000 रुपये. मध्यम आणि जड वाहनांना 2000 ते 4000. चलानावर कारसाठी आधीच 2000 लिहिले असतील, तर कोर्टात हरल्यावर याच कलमाखाली दंड त्याहून वाढण्याची भीती नाही. कोर्टात खरी किंमत मोजावी लागते ती वेळेची.

आधी चलान खरं आहे का ते बघा

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चलानाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, कधीही उघडू नका. त्यातून मोबाइलचा ताबा जातो आणि बँकेतले पैसे जातात. मेसेजमधल्या लिंकवर बोटही लावू नका. ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाकून महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर जा. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असलंच पाहिजे. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की गाडीवरची सगळी चलानं दिसतात. दोन्ही नंबर आरसीवर असतात. कित्येकांना चलान झालेलं महिनोन्‌महिने कळत नाही, कारण आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना असतो, किंवा गाडी विकणाऱ्या एजंटचा असतो. तो परिवहन पोर्टलवर आजच बदलून घ्या.

फोटो नीट वाचा

सगळा निर्णय इथे ठरतो, म्हणून इथे अर्धा तास द्या. कॅमेऱ्यानं केलेल्या कारवाईसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली नियम 167 ए आला. या नियमानुसार चलानासोबत पुढच्या गोष्टी असायला हव्यात: गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्रानं मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेलं कलम, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 65 ब खाली दिलं जाई, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली येतं. शिवाय यंत्राला राज्यानं नेमलेल्या प्राधिकरणाचं मान्यता प्रमाणपत्र हवं, तेही दरवर्षी नूतनीकरण केलेलं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा. नोटीस घटनेपासून 15 दिवसांत पाठवायची आहे. उशीर झाला की चलान आपोआप रद्द होतं असं मात्र नियमात कुठे लिहिलेलं नाही. तो फक्त मांडण्याजोगा एक मुद्दा आहे.

आता फोटो मोठा करून बघा. नंबरातला प्रत्येक अंक आणि अक्षर तुमच्या आरसीशी ताडून पाहा. 8 आणि 3, 0 आणि डी, 1 आणि 7 यांत गफलत होते, खासकरून प्लेट मळलेली असेल तेव्हा. गाडीचा रंग, मॉडेल, मागची काच, कॅरियर, स्टिकर बघा. नंबर तुमचाच आहे पण गाडी दुसरी, तर कुणीतरी तुमच्या नंबरची बनावट प्लेट लावून फिरतंय. तसं असेल तर चलानाची तक्रार नंतर, आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या, कारण उद्या त्या गाडीनं अपघात केला तर पोलीस तुमच्या दारात येतील.

त्यानंतर वाहनाचा वर्ग आणि त्यासाठी धरलेली मर्यादा तपासा. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर सपाटीला कारसाठी 100 ची मर्यादा आहे, घाटात 60 ची. आठपेक्षा जास्त प्रवासी बसतील अशा गाड्यांना आणि मालवाहू वाहनांना सपाटीला 80. समृद्धी महामार्गावर कारला 120. अटल सेतूवर 100, पण चढ-उताराच्या रॅम्पवर 40. सात आसनी कुटुंबाची गाडी 95 नं गेली आणि चलानात तिला 80 ची मर्यादा लावली असेल, तर ही चूक कागदावरच सिद्ध होते. उलट, खंडाळ्याच्या उतारावर गाडी आपोआप 75 ला पोहोचली आणि चलान आलं, तर ते बरोबर आहे. उतार असला तरी मर्यादा तीच राहते. बोरघाटात गाड्या कशा सुटतात आणि त्यानंतर काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना 60 ची मर्यादा जाचक वाटणार नाही.

एक्स्प्रेस वेवरच्या यंत्रणेत सरासरी वेगही मोजतात. दोन कमानींमधलं अंतर आणि ते कापायला लागलेला वेळ, यावरून वेग काढला जातो. त्यामुळे 'कॅमेऱ्यापाशी तर मी हळू होतो' हे म्हणणं तिथे टिकत नाही. अशा चलानात दोन्ही ठिकाणांची नोंद मागा आणि भागाकार स्वतः करून बघा.

तक्रार कुणी करायची, कोणते कागद लावायचे

चलान नोंदणीकृत मालकाच्या नावानं निघतं, म्हणून तक्रारही मालकानंच करायची. ई-चलान पोर्टलवर तक्रारीचा वेगळा विभाग आहे. चलान क्रमांक, मोबाइल, ईमेल, म्हणणं आणि पुरावे तिथे जोडता येतात. पैसे भरायच्या आधी तक्रार करा. भरलेलं चलान परत उघडून घेणं फार अवघड जातं. चलानावर दिलेली मुदत डायरीत लिहून ठेवा आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. मुदत संपेपर्यंत गप्प बसणं कबुलीसारखं धरलं जाऊ शकतं.

आरसी, चलानाची प्रत आणि फोटोचा स्क्रीनशॉट सगळ्यांनाच लागतात. बाकीचे कागद कारणाप्रमाणे:

- गाडी तुमची नाही किंवा नंबर चुकीचा वाचला: तुमच्या गाडीचे पुढून, मागून आणि बाजूने आजचे फोटो, आणि बनावट प्लेटचा संशय असल्यास पोलीस तक्रारीची पोच.
- त्या वेळी गाडी दुसरीकडे होती: गॅरेजचं जॉब कार्ड, पार्किंगची पावती, फास्टॅगचं स्टेटमेंट, सोसायटीच्या गेटवरची नोंद.
- गाडी आधीच विकली: मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म 29 आणि 30 च्या प्रती, विक्रीचा करार, ताबा दिल्याची पावती.
- गाडी दुसरं कुणी चालवत होतं: चालकाचं नाव, पत्ता, लायसन्सची प्रत, आणि कंपनीची किंवा भाड्याची गाडी असल्यास त्या दिवसाचं ड्युटी रजिस्टर किंवा करार.
- वर्ग किंवा मर्यादा चुकीची: आरसीवरचा वाहनप्रकार आणि आसनसंख्या, त्या टप्प्यावरच्या फलकाचा फोटो.

गाडी विकलेल्यांना इथे एक कळकळीची विनंती. हस्तांतरण आरटीओत नोंदलं गेलं नसेल, तर कागदोपत्री मालक अजून तुम्हीच आहात आणि नुसत्या स्टँपपेपरवर सुटका होणं कठीण आहे. विकणाऱ्यानं 14 दिवसांत कळवायचं असतं. ते 'घेणारा करेल' म्हणून सोडू नका.

गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर कलम 133 खाली पोलिसांनी विचारल्यावर चालकाची माहिती देणं मालकाला बंधनकारक आहे. घरात मुलगा किंवा पुतण्या चालवत असेल, तर हे ठरवताना प्रामाणिक राहा. चलान स्वतःच्या नावावर घेतलंत तर दुसऱ्या गुन्ह्याचा धोकाही तुमच्याच माथी येतो.

तक्रारीचा मजकूर पाच-सहा ओळींत आटपा. 'सदर फोटोतील वाहनाचा क्रमांक अमुक असून माझ्या वाहनाचा क्रमांक तमुक आहे, सोबत आरसी जोडली आहे, तरी चलान रद्द करावे' एवढं पुरे. व्यवस्थेवरचा राग त्यात ओतलात तर खरा मुद्दा बुडतो.

कोर्टात कधी जावं

तक्रार फेटाळली गेली आणि तुमच्याकडे कागदावर दाखवता येईल अशी गोष्ट आहे, तर जा. चलान व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात, गेलं असेल तर त्या पोर्टलवर दोन पर्याय दिसतात: प्रस्तावित दंड भरणं किंवा खटला लढवणं. लढवणं निवडलं की प्रकरण नेहमीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातं आणि तारीख मिळते. खटला जिथे गुन्हा घडला तिथल्या कोर्टात चालतो. घाटातल्या चलानासाठी नागपूरच्या माणसाला खालापूरला किंवा वडगाव मावळला यावं लागेल. प्रवास, बुडालेली रजा आणि तारखा यांचा हिशेब आधी मांडा. वकील लावणं सक्तीचं नाही, पण दर तारखेला स्वतः जाणं जमणार नसेल तर वकील लागेलच, आणि त्यांची फी दंडापेक्षा जास्त होईल हे धरून चाला.

कोर्टात गुन्हा कबूल आहे का, असं विचारतात. 'कबूल नाही' म्हटलं की गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांवर येते. कलम 183 च्या पोटकलम 3 मध्ये नागरिकाच्या बाजूची एक चांगली तरतूद आहे. फक्त एका साक्षीदाराला 'गाडी वेगात वाटली' म्हणून शिक्षा देता येत नाही, त्या मताला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या मोजमापाचा आधार लागतो. म्हणजे सगळा भार यंत्रावर. मग यंत्राचं त्या तारखेला लागू असलेलं मान्यता प्रमाणपत्र, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, मर्यादा ठरवणारी अधिसूचना आणि फलक, हे मागायचा तुम्हाला हक्क आहे.

यातलं बरंचसं माहिती अधिकारात आधीच मिळवता येतं. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. माझं मत असं की हा अर्ज केल्याशिवाय कोर्टाचा निर्णय घेऊच नये. कागद आले आणि सगळे बिनचूक निघाले, तर भरून मोकळे व्हा. मान्यता संपलेली निघाली, तर तुमच्या हातात खरा मुद्दा आहे.

'सगळेच त्या वेगानं जात होते', 'रस्ता मोकळा होता', 'विमान चुकलं असतं', 'पोलिसांच्या गाड्याही पळतात', ही कारणं घेऊन कोर्टात जाऊ नका. यातलं प्रत्येक वाक्य वेग जास्त होता याची कबुली आहे. घरातल्या रुग्णाला दवाखान्यात नेत असाल तर केसपेपर जोडून तक्रारीत सांगा, माणुसकीनं विचार होऊ शकतो. कायद्यानं मात्र ती सूट रुग्णवाहिकेसारख्या वाहनांपुरतीच आहे.

काही जण सहा महिने थांबायचा सल्ला देतात. केवळ दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत आहे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्ये आहे, खरं. पण उशीर माफ करायचा अधिकारही कोर्टाला आहे, आणि तोवर चलान गाडीच्या नावावर दिसत राहतं. गाडी विकताना नेमकं ते आडवं येतं.

लोकअदालतीची नोटीस आली तर जायला हरकत नाही. तिथे फी नसते, निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. रक्कम हमखास निम्मी होते या अफवेवर जाऊ नका. आणि ती जागा तडजोडीची आहे. 'ही गाडी माझी नव्हेच' असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनी तिथे पैसे भरून गुन्हा पदरात घेऊ नये.

निकाल काहीही लागो, दोन-तीन आठवड्यांनी पोर्टलवर पुन्हा नंबर टाकून बघा. दंड भरला असेल तर 'भरले' अशी नोंद आणि पावतीची पीडीएफ हवी. कोर्टानं सोडलं असेल तर आदेशाची प्रमाणित प्रत काढून घ्या आणि पोर्टलवर चलान तसंच दिसत असेल तर त्या प्रतीसह वाहतूक शाखेत लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.