जुनाट दुखणी आणि दत्ताचा आधार: एका परंपरेची पार्श्वभूमी

घरात कोणाला बरी न होणारी व्याधी जडली की पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात आणि सीमाभागात दत्तस्थानाची आठवण निघतेच. औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर. कोणी दर पौर्णिमेला जातो, कोणी महिनाभर राहून सेवा करतो. सेवा म्हणजे पहाटेचे स्नान, प्रदक्षिणा, जप, पोथी, आणि गाणगापुरात दुपारी पाच घरची माधुकरी. औषध चालू असते, तपासण्या चालू असतात, आणि त्यांच्या बरोबरीने हेही चालू असते. आजारी माणसाला इथून बळ मिळते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना वेगळे पटवून द्यावे लागत नाही. पण हे बळ नेमके कशाचे, आणि ही रीत आली कुठून, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

या परंपरेच्या मध्यभागी आहेत नृसिंहसरस्वती. जन्म विदर्भातल्या कारंज्याचा, काळ चौदाव्या-पंधराव्या शतकाचा. कृष्णाकाठी औदुंबर आणि वाडी इथे राहून ते पुढे भीमा-अमरजेच्या संगमावर, गाणगापूरला स्थिरावले. त्यांचे चरित्र सरस्वती गंगाधरांनी ओवीबद्ध केले, ते ‘गुरुचरित्र’. हा ग्रंथ उघडला की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. त्यात दुखण्याखुपण्याने गांजलेली माणसे जागोजागी भेटतात. पोटशूळ, कोड, क्षय, वांझपण, मूल दगावणे. औषधांचा उपाय तोकडा होता त्या काळात घराघरांत जे भोगले जात होते, ते या ग्रंथाने झाकून ठेवले नाही. माझ्या मते त्याचा लोकांवरचा पगडा पाचशे वर्षे टिकण्याचे हे मोठे कारण आहे.

तेराव्या अध्यायातली गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. गोदावरीकाठी एक ब्राह्मण पोटाला दगड बांधून जीव द्यायला निघाला आहे. अन्न पोटात गेले की प्राणांतिक कळा येतात, म्हणून तो पंधरवड्या-महिन्यातून एकदाच जेवतो. अन्नावर जगणारा देह, आणि अन्नच वैरी झालेले. जुनाट पोटदुखीचा रोगी आजही हेच सांगेल. श्रीगुरू, म्हणजे नृसिंहसरस्वती, शिष्यांना धाडून त्याला परत बोलावतात. आत्महत्येचा विचार सोडायला सांगतात. तेवढ्यात तिथे आलेल्या सायंदेव नावाच्या अधिकाऱ्याला म्हणतात, याला तुझ्या घरी नेऊन जेवू घाल. सायंदेव घाबरतो. हा जेवून मेला तर ब्रह्महत्या माझ्या माथी येईल, असे सरळ बोलून दाखवतो. श्रीगुरू ठाम राहतात, स्वतःही भिक्षेला येतात, आणि तो माणूस सगळ्यांबरोबर पंक्तीला बसून पोटभर जेवतो. व्यथा जाते, अशी कथा आहे.

चमत्कार बाजूला ठेवून पाहिले तरी या प्रसंगात पुष्कळ काही उरते. नदीकडे निघालेल्या माणसाला कोणीतरी थांबवले. त्याचे म्हणणे ऐकून घेतले. त्याची जबाबदारी एका नांदत्या घरावर टाकली. आजाराने एकटा पडलेला माणूस पुन्हा पंगतीत आला. दीर्घ आजारात शरीरासारखीच माणसांतली जागाही हळूहळू सुटत जाते. लोक बोलावणे कमी करतात, आपणही जाणे टाळतो. ही कथा नेमका तिथे हात घालते.

दुसरी कथा नंदीशर्म्याची, पंचेचाळिसाव्या अध्यायातली. अंगावर कोड म्हणून समाजाने दूर केलेला हा ब्राह्मण तीन वर्षे तुळजापूरला उपास करतो. तिथून चंदला परमेश्वरीकडे जा असा आदेश होतो. तिथे सात महिने जातात, आणि देवी स्वप्नात सांगते, गाणगापूरला जा. तो चिडतो. तू देवी असून मला माणसाकडे कशी पाठवतेस, इतक्या दिवसांचे माझे कष्ट वाया घालवलेस, असे तो तिलाच सुनावतो. ज्याने एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे चिठ्ठ्या घेऊन चकरा मारल्या आहेत, त्याला हा संताप नवा नाही. ग्रंथकाराने तो गाळला नाही, ही मोठी गोष्ट. श्रद्धावान माणसाला देवावर रागावण्याची मुभा आपल्या परंपरेत आहे, आणि आजारपणात ती फार उपयोगी पडते.

पुढे संगमावर स्नान होते, अश्वत्थाला प्रदक्षिणा होते, जुनी वस्त्रे टाकून तो नवी नेसतो. कोड जाते, पण मांडीवर थोडेसे उरते. मनात संशय होता म्हणून ते राहिले, असे श्रीगुरू सांगतात, आणि त्यावर उपाय देतात तो कविता करण्याचा. नंदीशर्मा म्हणतो, मला तर लिहिता-वाचता येत नाही. श्रीगुरू त्याच्या जिभेवर विभूती ठेवतात, त्याला वाणी फुटते, आणि पुढे तो कवीश्वर म्हणून ओळखला जातो. संशयाला दोष देणारा भाग मला खटकतो, कारण ज्याचा आजार हटत नाही त्याला ‘तुझी श्रद्धाच कमी पडली’ असे ऐकवणारे नातेवाईक आजही असतात, आणि ते बोल दुखण्याहून जास्त लागतात. पण उरलेल्या डागावर उपाय म्हणून रोग्याच्या हाती काम द्यावे, हे मात्र विलक्षण आहे.

ग्रंथाची आणखी एक बाजू अवघड आहे. व्याधी हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, हा कर्मविपाक त्यात जागोजागी येतो. कोणाला त्यातून ‘भोग आहे, सरेल’ असा धीर मिळाला, पण कुष्ठरोग्यांना गावाबाहेर काढणाऱ्यांनाही हाच विचार सोयीचा पडला. शिवाय हा ग्रंथ बायकांनी वाचू नये असा संकेत रूढ झाला. घरातले आजारपण ज्या उशाशी बसून काढतात, त्यांनाच पोथीपासून दूर ठेवणे अन्यायाचे होते. आता अनेक घरांत बायका ती वाचतात, हे चांगलेच झाले.

आधुनिक काळात या परंपरेला नवा जोम दिला तो वासुदेवानंदसरस्वती म्हणजे टेंबे स्वामींनी. जन्म 1854, सावंतवाडीजवळच्या माणगावचा. वाडीला आणि घरोघरी आज जो ‘दिगंबरा दिगंबरा’चा गजर होतो तो त्यांचाच. त्यांच्याविषयी एक गोष्ट कमी बोलली जाते. त्यांना संग्रहणीचा, म्हणजे वारंवार जुलाब होण्याचा, जुनाट विकार होता. हा विकार अंगी घेऊन त्यांनी अनवाणी देशभर भ्रमण केले, चातुर्मास केले, संस्कृतात आणि मराठीत विपुल लिहिले. लोकांच्या व्याधी दूर व्हाव्यात म्हणून स्तोत्रे रचणाऱ्या या संन्याशाचे स्वतःचे दुखणे त्याच्याबरोबरच राहिले. 1914 मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला त्यांनी देह ठेवला. मंत्राचा अर्थ रोगमुक्तीची हमी असा घेणाऱ्यांनी हे आयुष्य जरूर पाहावे. पोट साथ देत नसतानाही दिवसाचा नेम मोडला नाही, हीच त्यांची शिकवण मी धरते.

दत्तसंप्रदायाबाहेर, पण त्याच सीमाभागात, गुरुदेव रा. द. रानडे यांचेही उदाहरण आहे. 1886 साली जमखंडीला जन्मलेल्या रानड्यांना उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून शाळकरी वयातच नाम मिळाले. तरुणपणी क्षयाने गाठले. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून काही दशके होती, त्यामुळे हा आजार म्हणजे दारात उभा राहिलेला मृत्यूच. त्या दुखण्याने त्यांची नामसाधना उथळ न राहता खोल गेली. पुढे ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवू लागले, तिथले कुलगुरूही झाले, आणि महाराष्ट्रातल्या संतांच्या अनुभवावर त्यांनी 1933 मध्ये मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रकृती नाजूकच राहिली, तरी 1957 पर्यंत, म्हणजे सत्तरीपार, ते जगले. निंबाळला त्यांचा अंत झाला.

सेवाग्रामच्या परचुरे शास्त्र्यांचे आयुष्यही इथे आठवते. संस्कृतचे गाढे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातली गांधीजींची ओळख, आणि अंगात कुष्ठरोग. कुठेच थारा न मिळाल्यावर ते 1939 मध्ये आश्रमाच्या दाराशी आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, स्वतः त्यांचे अंग चोळून दिले. शास्त्रीबुवा तिथे संस्कृत शिकवीत. एका लग्नात पौरोहित्यही त्यांनी केले, तेही अशा काळात जेव्हा कुष्ठरोग्याची सावली लोक टाळत. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठधाम सुरू केले होते. शास्त्रीबुवांचे अखेरचे दिवस तिथे गेले. नंदीशर्म्याच्या कथेत जे विभूतीने घडले, ते इथे माणसांनी आपल्या हातांनी केले.

आज कुष्ठरोग बहुविध औषधांनी बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने ती उपचारपद्धती 1981 मध्ये सुचवली. आता घरोघरी ठाण मांडून बसलेत ते मधुमेह, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार. पोथीही त्यांच्याबरोबर घरात आहेच. म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगायला हवी. गुरुचरित्राचे सात दिवसांचे पारायण बरेच जण एकभुक्त राहून, म्हणजे दिवसातून एकदाच जेवून, किंवा उपास धरून करतात. इन्सुलिन घेणाऱ्याने, डायलिसिसवर असणाऱ्याने असा सप्ताह धरण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. जेवण वेळेवर घेऊन, गोळ्या न चुकवता रोज एक अध्याय वाचला तरी चालतो. कोणी त्याला हरकत घेतलीच, तर त्याला तेरावा अध्याय काढून दाखवावा. तिथे रोग्याला उपाशी ठेवलेले नाही, जेवू घातले आहे.