ऑडिटचे गुण आणि व्यसनाचं निदान

‘ऑडिटमध्ये 22 गुण, म्हणजे अल्कोहोल डिपेंडन्स.’ क्लिनिकल सायकॉलॉजीच्या ट्रेनीने केस सादर करताना असं म्हटलं, तर त्याने स्क्रीनिंगलाच (पहिल्या चाळणीला) असेसमेंट (सविस्तर तपासणी) समजून टाकलंय.

ऑडिट ही जागतिक आरोग्य संघटनेची, दारू पिण्याबद्दलची 10 प्रश्नांची प्रश्नावली. गुण 0 ते 40. 8 किंवा जास्त आले की पुढे चौकशी करायची. तिचं काम एवढंच. पण तेवढंही नीट जमायला पुण्यातली पिण्याची भाषा कळावी लागते. ‘रोज एकच’ म्हणजे बहुतेकदा एक क्वार्टर. 180 मिलीच्या व्हिस्कीत साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. ऑडिटचं एक ड्रिंक 10 ग्रॅमचं. म्हणजे ती सहा ड्रिंक्स झाली. ट्रेनीने ‘एक’ लिहिलं तर पहिल्या तीन प्रश्नांचे मिळून 4 गुण होतात. नीट मोजलं तर 10. तंबाखूचंही तसंच. ‘तंबाखू? छे, मिश्री लावते फक्त’ हे उत्तर ‘नाही’ म्हणून नोंदवलं जातं. येरवड्यात 1986 पासून चालणाऱ्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रातले बरेच समुपदेशक स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. असल्या पळवाटा त्यांना पुस्तकाआधी कळत असणार, आणि माझ्या मते ट्रेनीने त्यांच्याशेजारी बसून शिकावं.

असेसमेंटला वेळ लागतो. डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीनुसार दारूच्या व्यसनाच्या निदानासाठी वर्षभरात 11 पैकी किमान 2 निकष जुळावे लागतात. 6 किंवा जास्त जुळले तर आजार तीव्र. निकष मोजणं त्यातल्या त्यात सोपं. उदासी दारूआधीची की दारूमुळे आलेली, हे ठरवणं अवघड. त्यासाठी न पिण्याचे काळ शोधावे लागतात. सोडल्यावर महिनाभरानंतरही उदासी तशीच असेल, तर ती वेगळा आजार असण्याची शक्यता वाढते. हे पेशंटपेक्षा बायकोला किंवा आईला जास्त नेमकं आठवतं, म्हणून पेशंटच्या परवानगीने त्यांच्याशीही बोलायचं.

पहिल्याच भेटीत आणखी एक विचारायचं, जे ऑडिटमध्ये नाहीच: शेवटचा पेग कधी घेतला, आणि पूर्वी सोडताना फिट आली होती का, भास झाले होते का? रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी डिलिरियम (भान हरपून होणारा तीव्र गोंधळ) होऊ शकतो, तो जिवावर बेतू शकतो. अशा माणसाला थेरपीची तारीख देण्याआधी त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं.