ओ-रिंग की मागचं ऑइल सील? जुन्या मिआटाच्या गळतीचा शोध

कौलारू घरात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. कौल फुटलेलं असतं आढ्याजवळ, पाणी वाशावरून ओघळत येतं आणि टपकतं मात्र माजघरात, नेमकं अंथरुणावर. पहिल्या पिढीच्या मझदा मिआटाखाली पडणारा ऑइलचा डागही असाच खोटं बोलतो. डाग दिसतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली. वाकून बघणारा मेकॅनिक म्हणतो, "क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा.) कधी तो बरोबर असतो. पण बऱ्याचदा गुन्हेगार तिथून हातभर वर, इंजिनाच्या हेडच्या, म्हणजे वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला बसलेला असतो आणि त्याची किंमत कॉफीच्या एका कपापेक्षा फार नसते.

आपल्याकडे मझदा म्हटलं की स्वराज मझदाची मिनीबस आठवते, त्यामुळे गाडीची ओळख आधी करून देतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये ही दोन सीटची, टप उघडणारी गाडी लोकांसमोर आली. अमेरिकेत मिआटा, ब्रिटनमध्ये एमएक्स-५, जपानात युनोस रोडस्टर. पहिली पिढी १९९७ पर्यंत निघाली, म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटी गाडीही आता तिशीच्या घरात आहे. परदेशात नोकरीला असलेल्या एखाद्याने हौसेची पहिली जुनी गाडी घ्यायची ठरवली, की फिरून फिरून तो इथेच येऊन पोचतो.

आता हेडच्या मागे असं आहे काय? कॅम अँगल सेन्सर. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, कुठल्या कोनात आहे हे तो संगणकाला सांगतो आणि त्यावर ठिणगीची वेळ ठरते. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकातच तो खोचलेला असतो, आणि तिथलं ऑइल बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या मानेभोवती रबराची एक ओ-रिंग असते. या इंजिनाचं घराणं मझदा ३२३ सारख्या, पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांचं. तिथे इंजिन आडवं बसायचं, त्यामुळे हे टोक बाजूला यायचं आणि हात सहज पोचायचा. मिआटात तेच इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवलं आणि टोक गेलं थेट फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला, भिडून. तिथे उष्णता कोंडून राहते, वारा लागत नाही. वर्षानुवर्षं भाजून ओ-रिंग कडक होते, चपटी होते आणि हळूहळू ऑइल सोडू लागते.

क्रँकचं मागचं सील हा वेगळाच प्राणी आहे. ओ-रिंग दोन स्थिर भागांमध्ये दाबून बसलेली असते. सीलच्या पातळ ओठाला मात्र मिनिटाला काही हजार वेळा फिरणाऱ्या क्रँकशाफ्टवर टेकून राहायचं असतं. ते बसतं फ्लायव्हील या जड चकतीच्या मागे, बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या तोंडाच्या, पोटात. तिथे पोचायचं तर गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवायचं. मिआटात त्याआधी गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलपर्यंत जाणारी ॲल्युमिनियमची लांब चौकटही सोडवावी लागते. सील स्वस्तच असतं, खिसा रिकामा होतो तो मजुरीत.

दोघांचा घोटाळा होतो कारण ओ-रिंगमधून सुटलेलं ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळतं, बेल हाउसिंगच्या कडेवर येतं आणि सांध्याच्या तळाशी जमून ठिपकतं. सीलमधून सुटलेलं ऑइल आतून येऊन त्याच तळाशी ठिपकतं. शिवाय धावत्या गाडीखालचा वारा सगळं मागे फासतो. थोड्या दिवसांत गिअरबॉक्सही चिकट, आणि कुठून सुरू झालं ते कळेनासं होतं. म्हणून डाग बघून निदान करणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

बघायचं ते ऑइल सगळ्यात वर कुठे आहे ते. इंजिन गार असताना बॉनेट उघडा, दांड्याचा छोटा आरसा आणि टॉर्च घ्या, आणि हेड व फायरवॉलमधल्या फटीत डोकवा. सेन्सरखालचा भाग ओला, काळा, धूळ चिकटलेला दिसला तर गिअरबॉक्सचा विषय तूर्त बंद. पण लगेच सेन्सरवरही खापर फोडू नका. त्याच्या जरा वर टॅपेट कव्हरचं पॅकिंग आहे आणि मागच्या कोपऱ्यांतून तेही झिरपतं. कव्हरची कड कोरडी आणि सेन्सरची मान ओली, तर ओ-रिंग. कड ओली असेल तर आधी पॅकिंग.

सगळंच बरबटलेलं असेल तर डिग्रीझरने स्वच्छ करा (सेन्सरच्या कनेक्टरवर पाण्याचा फवारा मारू नका), पूर्ण सुकू द्या, मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा. वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा. पांढऱ्या पावडरीत पहिली काळी रेघ जिथून निघते, तिथे चोर. हा उपाय पोरकट वाटतो, पण अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग ऑइलमध्ये घालण्याआधी मी हाच करून बघेन.

वरचं सगळं कोरडंठाक असेल तरच खाली चला. बेल हाउसिंगच्या बाजूला क्लचचा फोर्क जिथून आत जातो, तिथे रबरी बूट असतो. तो सरकवून टॉर्च मारा. आत क्लचची कोरडी राखाडी धूळ असेल तर सील निर्दोष. आत ऑइल असेल आणि चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच स्लिप होतो आहे, तर सीलवरचा संशय पक्का होत जातो. तरी बोटावर थोडं घेऊन वास घ्या. सडक्या गंधकासारखा उग्र वास गिअर ऑइलचा. तो आला तर गळतंय गिअरबॉक्सचं पुढचं सील, क्रँकचं नव्हे. गिअरबॉक्स मात्र दोन्ही वेळा उतरवावाच लागतो.

ओ-रिंग बदलणं हे हाताला खरचटण्याचं काम आहे, अवघड नाही. सेन्सर आणि हेड या दोन्हींवर मिळून एक रेघ ओढून ठेवा, कारण सेन्सर जरा फिरला तरी ठिणगीची वेळ बदलते. मग बारा मिलिमीटरचा एकच बोल्ट. जुनी रिंग टाचणीने उचला, नवीला ऑइल लावून बसवा, रेघ जुळवा. नंतर टायमिंग लाइटने, म्हणजे ठिणगीची वेळ दाखवणाऱ्या दिव्याने, खात्री करून घ्यावी. बॉनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समधली टीईएन (TEN) आणि जीएनडी (GND) ही टोकं तारेने जोडली की वेळ टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचण्याच्या, १० अंश आधी दिसायला हवी.

सीलच दोषी ठरलं तरी घाई कशाची? रात्रीतून दोन थेंब पडत असतील, क्लच धरत असेल, तर खाली पुठ्ठा ठेवा, डिपस्टिक बघत राहा आणि क्लच प्लेट संपेपर्यंत थांबा. ज्या दिवशी गिअरबॉक्स उतरेल त्याच दिवशी क्लचचा संच, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील, तिन्ही बदलून टाका. आणि त्याआधी टॅपेट कव्हरवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवून बघा. खुळखुळला नाही तर तो तुंबलेला आहे. इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर पडायला वाट नसली की तो ऑइलला मिळेल त्या फटीतून ढकलतो, आणि घातलेलं नवं सीलही पुन्हा ओलं होतं.