हलक्या ऑफ-रोड स्पोर्ट्‌स कारची चाके व टायर

साधारण पाचशे ते नऊशे किलो वजनाची, उघड्या नळ्यांच्या सांगाड्याची किंवा फायबरच्या अंगाची, दोन माणसांची आणि डांबर संपल्यावरही वेगात पळवता येईल अशी गाडी म्हणजे हलकी ऑफ-रोड स्पोर्ट्‌स कार. अमेरिकेची मायर्स मँक्स, फोक्सवॅगन बीटलपासून केलेली बाहा बग आणि इंग्लंडमधील सॉमरसेटची एरियल नोमॅड ही तिची ठळक उदाहरणे. या गाड्यांना टायर निवडताना एसयूव्हीचा हिशेब उलटा करावा लागतो. एसयूव्हीला तिचे वजन पेलणारा टायर हवा असतो. इथे बाजारातला जवळजवळ प्रत्येक ऑफ-रोड टायर गरजेच्या कितीतरी पट वजन पेलतो, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

भार आणि हवा

टायरवर मापाशेजारी छापलेला आकडा हा भार-निर्देशांक असतो. २३५/७५ आर १५ हे माप आपल्याकडे जुन्या स्कॉर्पिओमुळे ओळखीचे आहे. त्यापुढे १०५ छापले असेल, तर पूर्ण हवेवर असा एक टायर ९२५ किलो पेलतो. आता २०१५ साली आलेली पहिली नोमॅड घ्या. होंडाचे २.४ लिटरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, ताकद सुमारे २३५ अश्वशक्ती, वजन ६७० किलोच्या आसपास. चालक धरून साडेसातशे म्हटले तरी एका चाकावर सरासरी १९० किलोसुद्धा येत नाहीत. म्हणजे टायर आपल्या ताकदीच्या पाचव्या हिश्श्यावर काम करतो. त्यात एसयूव्हीसारखी ३२-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा भरली, तर तो दबतच नाही. मधला पट्टा तेवढा जमिनीला टेकतो, कडा अधांतरी राहतात, दगडधोंड्यांवर गाडी उड्या मारते. रबर नीट तापत नाही, त्यामुळे डांबरावरही पकड बेताचीच मिळते.

मापाआधी एलटी अक्षरे असलेले, म्हणजे लाइट ट्रक वर्गातले टायर याहून ताठ. दहा प्लाय दर्जाचा (प्लाय म्हणजे थर; आकडा मोठा तितका टायर ताठ) टायर ८० पीएसआयपर्यंत हवा घेण्यासाठी बनवलेला असतो. सातशे किलोची गाडी त्याची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, वाकवणार तरी कशी? दुकानात तोच सर्वांत दणकट दिसतो म्हणून घेतला जातो, आणि पैसे मोजून गाडी बिघडवण्याचा हा हमखास मार्ग आहे. साधा प्रवासी वर्गाचा ऑल-टेरेन टायर बहुतेक कामांना पुरतो. धारदार दगडांचा मुलूख असेल तर साइडवॉलला जादा थर असलेला, पण एलटी नसलेला टायर शोधावा.

हवा किती ठेवायची याचे छापील कोष्टक अशा गाड्यांसाठी क्वचितच लागू पडते. डांबरावर धावणाऱ्या केटरहॅमसारख्या अतिहलक्या गाड्यांत १८ ते २० पीएसआय ही रोजची हवा आहे, तेव्हा सुरुवात तिथून करायला हरकत नाही. पुढचे काम खडूचे. टायर थंड असताना नक्षीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढायची, सपाट डांबरावर सरळ रेषेत थोडे अंतर गाडी चालवायची आणि उतरून पाहायचे. रेघ मध्येच पुसली गेली असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली गेली आणि मध्ये राहिली तर कमी. सगळीकडे सारखी फिकट झाली की तो आकडा लिहून ठेवायचा. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा वेगळा येतो, कारण इंजिन मागे असलेल्या गाडीत वजन मागे झुकलेले असते.

वाळूत हवा याहून खाली नेतात. टायर पसरतो, त्याचा ठसा रुंदीपेक्षा लांबीने जास्त वाढतो आणि चाक रुतण्याऐवजी वर राहते. मात्र हवा फार उतरवून वेगात वळण घेतले की टायरची आतली, रिमवर बसणारी कड रिमवरून सुटते. हलक्या गाडीत ही वेळ जरा उशिरा येते, पण येते. त्यावरचा इलाज बीडलॉक रिम: बाहेरून बोल्टांनी आवळलेली कडी टायरची कड रिमला जखडून ठेवते. ती जड असते, तिचे बोल्ट वारंवार तपासावे लागतात आणि बऱ्याच देशांत अशी रिम सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही. शर्यतीबाहेर तिची गरज फारशी पडत नाही.

चाकाचे वजन

स्प्रिंगच्या खाली लटकणारे वजन हलक्या गाडीला जास्त जाचते. रिम आणि टायर मिळून एक चाक २५ किलोचे धरले, तर चार चाकांचे शंभर किलो होतात. दोन टनांच्या एसयूव्हीत हा वाटा पाच टक्के, नोमॅडमध्ये पंधरा टक्के. जड चाक खड्ड्यातून वर उसळले की त्याला परत जमिनीवर आणायला डॅम्परला, म्हणजे शॉक अब्सॉर्बरला झगडावे लागते, आणि मधल्या काळात ते चाक हवेतच असते. त्यामुळे रिम ब्रेकच्या कॅलिपरला मोकळी जागा देईल इतकी लहान आणि साइडवॉल शक्य तितकी उंच, हा साधा नियम. जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेतही डांबरावर १८ इंची आणि मातीवर १५ इंची रिम वापरतात. हजारो तासांच्या अनुभवानंतर ते तिथे पोचले आहेत. मोठी चकचकीत रिम आणि पातळ टायर लावलेली बग्गी छायाचित्रात छान दिसते, एवढेच.

पोलादी रिम जड, पण वाकली तर हातोड्याने ठोकून घरी परतण्यापुरती सरळ करता येते. ओतीव अलॉय हलकी, पण दगडाच्या थेट माराने तडकू शकते. घडीव अलॉय दोन्ही बाबतींत सरस आणि किमतीतही.

बीटलची देणगी

या गाड्यांचा इतिहास कॅलिफोर्नियातल्या वाळूत घडला. होड्या बांधण्यात हात बसलेल्या ब्रूस मायर्सने १९६४ साली न्यूपोर्ट बीच येथे फायबरच्या अंगाची पहिली मँक्स तयार केली. नंतरच्या किटसाठी बीटलची चासी सुमारे ३६ सेंटिमीटरने कापून आखूड करत. १९६७ च्या पहिल्या मेक्सिकन १००० शर्यतीत व्हिक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी मँक्स चालवून २७ तास ३८ मिनिटांत ला पास गाठले आणि मोठमोठ्या जीप-ट्रकांना मागे टाकले. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, पुढे जवळजवळ काहीच वजन नाही; म्हणून पुढे अरुंद आणि मागे रुंद, उंच टायर ही बग्गीची ओळख ठरली. निव्वळ वाळूसाठी मागे वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचे टायर आणि पुढे दिशा धरून ठेवणाऱ्या उभ्या कडांचे टायर बसवतात. ही जोडी डांबरावर निरुपयोगी. शिवाय पुढची-मागची मापे वेगळी असली की एका स्टेपनीवर भागत नाही. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने हे आधीच ठरवलेले बरे.

जुन्या बीटलवर बांधलेल्या गाडीला रिम घेताना साल पाहावे लागते. १९६७ पर्यंतच्या बहुतेक बीटलना पाच बोल्ट आणि २०५ मिलिमीटरचा पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) आहे, १९६८ पासून चार बोल्ट आणि १३० मिलिमीटर आला. अडॅप्टर लावून काम होते, पण त्याने चाक बाहेर सरकते.

चाक बाहेर सरकणे ही किरकोळ बाब नव्हे. रिमचा ऑफसेट, म्हणजे बोलीत ‘ईटी’, कमी केला की गाडी रुंद आणि रुबाबदार दिसते. बदल्यात बेअरिंगवर ताण येतो आणि प्रत्येक दगडाचा झटका स्टीअरिंगमधून थेट मनगटात उतरतो. टायर बसतो की नाही हे गाडी जमिनीवर उभी असताना कळत नाही. स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन, दोन्ही टोकांना स्टीअरिंग पूर्ण वळवून घासते का ते पाहावे. व्यास वाढला की गिअरही लांबतात: ७३५ मिलिमीटरच्या जागी ७९० मिलिमीटरचा टायर लावला तर साडेसात टक्क्यांनी. चढावर ते जाणवते आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागतो.

जमिनीनुसार

सैल खडीखाली टणक थर असेल तर अरुंद टायर वरची खडी कापून खाली पकड घेतो. पातळ चिखलातही तेच. तळ नसलेल्या खोल चिखलात मात्र सुटे, उंच ठोकळे असलेली नक्षी लागते, जी फिरता फिरता चिखल झटकून टाकते. असे मड टायर बरेचदा क्यू वेगचिन्हाचे, म्हणजे १६० किलोमीटरपर्यंतचे असतात. ताशी दोनशेच्या घरात जाणाऱ्या नोमॅडला ते चालवायचे तर वेगाला मुरड घालावी लागते.

टायरच्या मापाने निकाल किती फिरतो हे डाकार रॅलीने दाखवले. दोन चाकांना ताकद देणाऱ्या बग्गींना तिथे मोठे, ३७ इंची टायर आणि गाडीत बसल्या बसल्या हवा कमी-जास्त करण्याची सोय नियमाने मिळत होती. चारचाकी ताकदीच्या गाड्यांना ती नव्हती. या सवलतीच्या आधाराने प्यूजोने २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे बाजी मारली.

भारतात

भारतात या प्रकारच्या गाडीची सर्वांत जिवंत शाळा म्हणजे २००७ पासूनची बाहा एसएईइंडिया स्पर्धा. पुण्यासह देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ एक आसनी बग्गी स्वतः बांधतात. मध्य प्रदेशातील पीथमपूर हे तिचे जुने केंद्र. या बग्गींना एटीव्हीचे (हँडलने चालवायच्या छोट्या चारचाकी ऑफ-रोड वाहनाचे) टायर लागतात आणि त्यांची मापे वेगळ्या रीतीने लिहिली जातात: २३×७-१० म्हणजे बाहेरचा व्यास २३ इंच, रुंदी ७ इंच, रिम १० इंची. दहा पीएसआयच्या आगेमागे हवेवर चालणारे हे टायर सहसा रस्त्यासाठी प्रमाणित नसतात.

नोंदणी झालेल्या गाडीत बदल करताना मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ आड येऊ शकते. वाळूची हौस असलेल्यांसाठी आणखी एक: गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणे कायद्याने मना आहे, मग तिला कितीही योग्य टायर लावलेले असोत.